चीफ पावसकरांचा शनिवारचा खून

पुण्याहून परदेशी, पुंगोलच्या आमच्या ब्लॉकमध्ये राहायला येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. ऑफिसला उशीर झाला होता, आणि लिफ्टपाशी एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ दाराला उजव्या हाताचा तळवा लावून, डोळे मिटून उभे होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन, आणि पेनाशेजारी चक्क एक लांबलचक स्क्रू ड्रायव्हर. लिफ्ट आली, दार उघडलं, तरी हे मधून हलेनात. मी इंग्रजीत म्हटलं, जरा आत जाऊ द्याल का. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातल्या पुण्याच्या मिठाईवाल्याच्या पिशवीकडे पाहिलं आणि खणखणीत मराठीत म्हणाले, "वरचं बेअरिंग गेलंय. दोन आठवडे देतो मी त्याला."

अकराव्या दिवशी लिफ्ट बंद पडली. त्या वेळी मी सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये होते, त्यामुळे दिवस चांगला लक्षात आहे. दीड तासानं माझी सुटका झाली तर हे समोर खुर्ची टाकून बसलेले. "तीन दिवस आधीच गेलं," म्हणाले. चेहरा पडलेला होता, पण तो माझ्यासाठी नव्हे, अंदाज चुकला म्हणून. अर्थात चुकला असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्याकडे चूक हा प्रकारच नव्हता, 'उपकरणाची मर्यादा' होती. आमटीत मीठ दोनदा पडलं तर ती मिठाच्या डब्याची मर्यादा. चाळीस वर्षांच्या संसारात 'माझी चूक' हे दोन शब्द ह्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेले नाहीत, असं त्यांच्या पत्नी, मंदाकाकू, सांगायच्या. तक्रार करायच्या की कौतुक, ते मला कधी कळलं नाही.

हे चीफ पावसकर. चीफ म्हणजे बोटीवरचे चीफ इंजिनीअर. मूळचे रत्नागिरीचे. आधी पंचवीसेक वर्षं समुद्रावर, मग जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात पंपांची देखभाल, मग निवृत्ती, आणि मग आमच्या ब्लॉकचा छळ. त्यांच्या कानाची ख्याती मोठी होती. एकदा बोटीवर दुपारी जेवून केबिनमध्ये गाढ झोपलेले असताना ते ताडकन उठले, लुंगीवरच इंजिन रूममध्ये उतरले आणि "थांबवा" म्हणाले. ड्यूटीवरच्या कुणालाही काही वेगळं जाणवलं नव्हतं. उघडून बघितलं तर एका बेअरिंगची पार वाट लागलेली. आणखी तासाभरात बोट भरसमुद्रात बंद पडली असती. ही गोष्ट मी चीफकडून सहा वेळा ऐकली आणि बोटीवर काम केलेल्या आणखी दोघांकडूनही ऐकली, तेव्हा ती खरीच असणार. 'चीफचा कान' असा शब्दच होता त्या मंडळींत.

स्वभाव मात्र महातिरसट. फोन केला तर उचलायचे नाहीत. फोनवर माणूस वाटेल ते बोलतो, लिहून पाठवा, मग बघतो, असं उत्तर. बोलायचे ते असं की चार मजले ऐकावेत, आणि दुसऱ्याला मधे तोंड उघडायला जागाच ठेवायचे नाहीत. बसायचे कायम भिंतीला पाठ लावून. चहा घेणार का विचारलं तर कधीकधी "साडेसहाला" म्हणायचे, आणि मग साडेसहाला काय आहे ते आपण शोधत बसायचं. मी मनाशी म्हटलं, कोकणी म्हातारा आहे, चालायचंच. स्वतःला हुशार समजते मी, त्यातून पुण्याची. तीन वर्षं रोज हे सगळं बघत होते आणि माझ्या डोक्यात काडीचाही प्रकाश पडला नाही.

मंदाकाकूंचे डोळे गेले होते. गेले म्हणजे पूर्ण नव्हे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता आणि कडा शाबूत होत्या. "समोरच्या माणसाचा चेहरा सोडून बाकी सगळं दिसतं मला," असं त्या हसत सांगायच्या. पण स्वतःच्या घरात त्यांना बघितलं तर कुणाचा विश्वास बसला नसता. मोहरीचा डबा, सांडशी, खिडकीची कडी, सगळं न बघता हातात. माझ्याआधी माझा चहा गाळून तयार. त्यांना खरं दुःख एकच होतं, वाचन गेल्याचं. उभा जन्म त्यांनी रहस्यकथा वाचल्या होत्या. लग्नात माहेरहून भांडी आली नसतील एवढी खुनाची पुस्तकं आणली होती, असं चीफ म्हणायचे. वाचन गेलं आणि खून थांबले. मग चीफनी शनिवारचा सिनेमा सुरू केला.

दर शनिवारी दुपारी चारला, त्यांच्या हॉलमध्ये. सिनेमा एकाच जातीचा, स्पॅनिश रहस्यपट. ओले रस्ते, सिगरेटी, पैसेवाला नवरा मेलेला, सुंदर बायको काहीतरी लपवतेय आणि इन्स्पेक्टर स्वतःच निम्मा बरबटलेला. दुसरं काही लावायचं नाव नाही. कुणी विचारलं तर चीफचं मत ठरलेलं होतं. हिंदी सिनेमात लोक ओरडतात, मराठीत पुटपुटतात, इंग्रजीत तर ओठच हलवत नाहीत. स्पष्ट बोलावं आणि स्वच्छ खून करावा तो स्पॅनिश माणसानंच. दक्षिण अमेरिकेतल्या बंदरांत आपण ती भाषा शिकलो, असंही सांगायचे. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांना दोर, पाणी, डिझेल आणि उद्या एवढेच शब्द येत होते. बंदरात तेवढे पुरतात म्हणे.

तर टीव्हीवर स्पॅनिश बोलणं, खाली इंग्रजी ओळी, आणि टीव्हीशेजारी उभे राहून चीफ त्या ओळी काकूंसाठी मराठीत सांगणार. हातात छडीसारखा तो स्क्रू ड्रायव्हर. काकू स्पीकरच्या अगदी जवळ, मांडीवर निवडायची मेथी नाहीतर सोलायचे मटार. पहिल्यांदा मी गेले ती वाटीभर साखर मागायला, आणि बसले ती बसलेच. पुढे हळूहळू ब्लॉकमधली आणि आसपासची आठदहा मराठी माणसं यायला लागली. सिनेमाचं कुणाला काय पडलं होतं, आम्ही चीफना ऐकायला जात होतो.

कारण त्यांना सांगण्याची एकच पद्धत येत होती, इंजिन रूमच्या नोंदवहीची. "सोळा बावीस. बाई स्वयंपाकघरात. चेहरा थंड, आतलं तापमान वाढतंय." "सोळा एकतीस. इन्स्पेक्टर आला. दाढी केलेली नाही, म्हणजे ह्याचीही बायको सोडून गेली." पात्रं माद्रिदची असली तरी तोंडं उघडली की रत्नागिरीची. वकील म्हणायचा, "वहिनी, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, मी बसलोय ना इथं." आणि मधूनमधून गाड्यांची तपासणी चालायची. पाठलाग ऐन रंगात यायचा आणि चीफ म्हणायचे, धूर बघा निळा आहे, हा तेल खातोय, गाठत नाही हा त्याला. तो गाठायचाही नाही, हे विशेष.

आता तसल्या सिनेमात खाजगी प्रसंगही असणारच. तो आला की चीफ पुढे सरकून टीव्हीसमोर पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाहेर पाऊस पडतोय." आम्हाला त्यांची पाठ दिसायची, काकू मटार सोलत राहायच्या. एकदा एका सिनेमात हे फारच लांबलं. काकूंनी मान वर न करता विचारलं, "किती वेळ पडणारे अजून?" चीफना ते ऐकूच गेलं नाही. ते गंभीरपणे म्हणाले, "वाराही सुटलाय." आम्ही हसून हसून मेलो, आणि त्यांना वाटलं, त्यांच्या वाऱ्यालाच हसलो.

अशी मजेत चाललेली गाडी थांबली ती बाथरूमच्या दारामुळे. एका मंगळवारी दुपारी काकू आत गेल्या आणि दाराची कडी आतून तुटली. त्यांनी हाका मारल्या, दार बडवलं, तांब्या आपटला. बाहेर दहा पावलांवर हॉलमध्ये चीफ शनिवारच्या सिनेमाची पूर्वतयारी करत बसले होते. पाऊण तास. शेवटी खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीबाईंनी वर येऊन बेल वाजवली, बेलला उत्तर येईना म्हणून बाहेरच्या व्हरांड्याकडच्या खिडकीतून हातवारे केले, आणि चीफ उठले. काकू घामानं निथळत, घसा बसलेला, कोपर सोललेलं.

त्यांची मुलगी मुग्धा त्याच संध्याकाळी धावत आली. ती बँकेत नोकरी करते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे, कॉन्डोत, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीत राहते. मी काकूंच्या कोपराला मलम लावत होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं. तिनं वडिलांना विचारलं, हाका ऐकू आल्या नाहीत का. चीफ म्हणाले, आल्या की. पण सिनेमात तेव्हा खुनी सापडायच्या बेतात होता.

मी थक्क झाले. हा माणूस बायकोसाठी आठवड्याला अख्खा सिनेमा पाठ करतो आणि तिच्या हाकेला उठत नाही? मुग्धा मात्र लहानपणापासून त्यांना ओळखत होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, दोनच शक्यता आहेत. तुम्ही बहिरे असाल तर मशीन लावा. निर्दयी असाल तर आईला मी तुमच्याजवळ ठेवणार नाही. दोन महिने देते. नाहीतर हे घर बंद करायचं आणि तुम्ही दोघंही माझ्याकडे."

चीफनी निर्दयी असणं पसंत केलं. माझे कान उत्तम आहेत, म्हणाले, आणि विषय संपवला.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. न उचललेले फोन, साडेसहाचा चहा, भिंतीला पाठ, सगळं एकदम जागेवर बसलं. लिफ्टला, पंपाला, फ्रिजला तळवा लावणं हा त्यांचा दुसरा कान होता, पहिला गेल्यावर उगवलेला. आणि स्पॅनिश सिनेमाचं प्रेम! हिंदी सिनेमाला खाली ओळी लावल्या तर लोक विचारतील, का लावल्या. स्पॅनिशला कुणी विचारत नाही. म्हाताऱ्यानं आपला बहिरेपणा दडवायला अख्खा देश कामाला लावला होता.

काकूंना अर्थातच सगळं ठाऊक होतं. बारा वर्षं झाली, इंजिनांनी खाल्ले त्यांचे कान, म्हणाल्या. आधी बारीक आवाज गेले. पक्षी गेले, मग बेल गेली, मग माझी हाक गेली. मी चिडून म्हटलं, मग तुम्ही सरळ बोलत का नाही? तर म्हणाल्या, अगं, चीफचा कान म्हणून चार माणसं अजून नाव काढतात. तो गेला म्हटल्यावर ह्यांच्याजवळ काय उरलं? मग खालच्या आवाजात आणखी एक वाक्य बोलल्या. त्या वाक्यानं माझी झोप उडाली. "मुग्धाचं घर छान आहे गं, पण तिथं मी आंधळी होईन. इथं नाहीये मी आंधळी."

त्याच दिवशी त्यांनी मला एक जुनी गोष्टही सांगितली. साखरपुडा झाल्यावर चीफ मोटरसायकलवरून त्यांच्या घरी यायचे. त्या गाडीच्या इंजिनात एक टॅपेट सैल होतं, त्यामुळे चालताना टकटक असा बारीक आवाज यायचा. गाडी वळणापलीकडे असतानाच काकूंना कळायचं आणि त्या चहा टाकायच्या. पुढे लग्न झाल्यावर त्यांनी विचारलं, एवढे इंजिनीअर तुम्ही, ते टॅपेट नीट का नाही केलंत? तर चीफ म्हणाले, मग तुला कसं कळलं असतं मी आलोय ते?

दोन महिने भुर्रकन गेले. मी माझ्या परीनं हिंट दिल्या. पाया लेबारच्या मॉलमध्ये कान फुकटात तपासतात अशी जाहिरात लिहून पाठवली. उत्तर आलं, "तुमचे तपासून घ्या. परवा मी हाक मारली, तुम्ही बघितलं नाहीत." मुग्धानं घरात खोके आणून ठेवले. काकू एकेक डबा हातात घ्यायच्या, पुसायच्या आणि खोक्यात न घालता परत जागेवर ठेवायच्या. सामान हलायचा दिवस रविवारचा ठरला. आदल्या दिवशी शनिवार.

त्या शेवटच्या शनिवारी एक गुन्हा माझ्या हातून घडला. माझ्या ऑफिसातले देशमुख कधीचे मागे लागले होते, तुमच्या त्या चीफना बघायचंय म्हणून. मी त्यांना घेऊन गेले. देशमुखांना न विचारता माहिती द्यायची सवय आहे. हे मला ठाऊक होतं, तरी नेलं. खोक्यांवर, खुर्च्यांवर मिळेल तिथे माणसं बसली. मुग्धाही चिकटपट्टी हातात घेऊन दारात उभी राहिली. चीफनी नवा सिनेमा काढला होता. एकट्यानं दोनदा बघून तयारी केलेला.

सिनेमा खरंच चांगला होता. सुरुवातीला पडद्यावर अंधार. एक माणूस मारला जातो आणि मारेकरी गाडीतून निघून जातो. तो दिसत नाही, गाडी दिसत नाही, फक्त लांब जाणारा इंजिनाचा आवाज, आणि त्यात बारीक टकटक, टकटक. काकूंचे मटार सोलणारे हात थांबलेले मी बघितले. चीफनी सांगितलं, "सोळा शून्य चार. अंधार. एक माणूस खलास. शांतता."

पुढे सगळा संशय मेलेल्याच्या मेहुण्यावर. सिनेमाच्या मध्यावर घरचा डॉक्टर विधवेला भेटून जातो, गोड बोलतो, दाराबाहेर पडतो, आणि बाहेरून पुन्हा तीच टकटक. हॉलभर चुळबूळ झाली. चीफ आपले वहिनींची समजूत घालण्यात गुंग. शेवटी पोलीस मेहुण्याला धरतात, फाइल बंद होते. अखेरच्या दृश्यात विधवा बाल्कनीत उभी आहे, कॉफीचा कप हातात, पहिल्यांदाच निवांत. खालच्या रस्त्यावरून ती टकटक येते आणि थांबते. तिचा चेहरा बदलतो. कप कलतो. संपलं. ह्या सगळ्यात कुणी एक अक्षर बोलत नाही, त्यामुळे खाली ओळही येत नाही.

चीफनी स्क्रू ड्रायव्हर तिच्या चेहऱ्यावर टेकवला. "सतरा बेचाळीस. बाई दचकली. गॅस बंद करायचा राहिला, ते आत्ता आठवलं तिला. केस क्लिअर. खुनी मेहुणा."

कुणी हसलं नाही. एरवी त्यांच्या वाक्यावाक्याला हसणारी दहा माणसं आपापल्या बशीकडे बघत राहिली. मी देशमुखांचा हात दाबला, पण त्यांचं तोंड तोवर उघडलं होतं. ते म्हणाले की खुनी मेहुणा नाही, डॉक्टर आहे, गाडीच्या आवाजावरून उघड आहे, लहान मुलालासुद्धा कळेल.

चीफ त्यांच्या ओठांकडे बघत होते. "कुठली गाडी?" त्यांनी विचारलं.

तो प्रश्न त्यांनी नेहमीसारखा दरडावून नाही विचारला. खरंच विचारला. पडद्यावरच्या प्रत्येक गाडीचा धूर ज्यानं तपासला होता, त्याच्या हातून अख्खी गाडी निसटली होती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दारातल्या मुग्धानं चिकटपट्टी खाली ठेवली.

काकूंना सावरून घेणं सोपं होतं. बारा वर्षं त्या तेच करत आल्या होत्या. आवाज खालच्या कार पार्कातला होता म्हणाल्या असत्या तर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो आला असता. काकू उठल्या, मटारांचं ताट मला दिलं, खोक्यांमधून चाचपडत चीफपाशी गेल्या आणि त्यांच्या दंडाला धरून, अगदी जवळून, मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, टॅपेट वाजतंय. पहिल्यापासून वाजतंय. मला ऐकू आलं. तुम्हाला नाही आलं."

चीफच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हळूहळू खाली आला. मग त्यांनी विचारलं, "एक की सगळी?"

"एकच," काकू म्हणाल्या.

"हं," म्हणून चीफ खोक्यावर बसले. आम्ही बशा उचलून गुपचूप आपापल्या घरी गेलो. देशमुख लिफ्टमध्ये मला विचारत होते, आपलं काही चुकलं का. मी लिफ्टच्या भिंतीला हात लावून उभी राहिले.

रविवारी टेम्पो आला नाही. सोमवारी चीफ कानांच्या दवाखान्यात गेले. एकटे, बसनं, आणि रीतसर टाइप केलेला बिघाड-अहवाल घेऊन. त्याची प्रत त्यांनी मलाही पाठवली होती. "उपकरण: कान, नग दोन. वापर: सदुसष्ट वर्षं. बिघाडाचं स्वरूप: बारीक आवाज पोचत नाहीत. बिघाड प्रथम लक्षात आला: बारा वर्षांपूर्वी. तेव्हाच का कळवलं नाही:" ह्यापुढे जागा कोरी होती. तपासणाऱ्या चिनी मुलीनं तो कागद कौतुकानं फाइलला लावला आणि मशीन बसवून विचारलं, "अंकल, नाउ कॅन हिअर ऑर नॉट?" चीफनी तिला सांगितलं की तिच्या एसीचा पंखा घासतोय.

मशीन आलं आणि आमच्यावर नवं संकट आलं. चीफना सगळंच ऐकू यायला लागलं. खालून जाणाऱ्या एलआरटी रेल्वेची चाकं, माझा मिक्सर, तिसऱ्या मजल्यावरचं भांडण, सगळ्यावर लेखी शेरे यायला लागले. पण सगळ्यात मोठा धक्का त्यांना स्वतःच्या घरात बसला. मला दारात गाठून ते गंभीरपणे म्हणाले, ही बाई गेली बारा वर्षं माझ्या प्रत्येक वाक्याला उलट बोलतेय. हळू आवाजात. आणि मला वाटत होतं, हिला सगळं पटतंय. आतून काकू काहीतरी बोलल्या. चीफ म्हणाले, "बघा, आत्ताही बोलली."

मुग्धानं खोके मोडून नेले. डबे जागेवर राहिले.

त्यानंतर सहा महिन्यांनी माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या आदल्या शनिवारी चारला मी निरोप घ्यायला गेले. इतर कुणाला त्यांनी त्या दिवशी बोलावलं नव्हतं. काकू स्पीकरजवळ, मांडीवर मेथी. चीफ टीव्हीशेजारी, दोन्ही कानांमागे मशीन, हातात स्क्रू ड्रायव्हर. काकूंनी हट्ट धरला होता म्हणून तोच सिनेमा पुन्हा लावला होता. बाथरूमच्या दाराला बघितलं तर कडी काढून टाकलेली, तिच्या जागी जाडजूड दोरीचा फास. बोटीवरची गाठ होती, असं चीफनी मुद्दाम सांगितलं.

सिनेमा सुरू झाला. अंधार. चीफ म्हणाले, "सोळा शून्य चार. एक माणूस खलास," आणि गप्प झाले. टकटक लांब जात होती. त्यांनी मान तिरकी केली. टकटक पूर्ण विरेपर्यंत ती तशीच ठेवली. मग पुढचा सबंध सिनेमा त्यांनी नेहमीसारखा सांगितला, वहिनींची समजूत घातली, मधे पाऊसही पाडला. काकूंनी किती वेळ म्हणून विचारलं, तर ऐकू आल्यामुळे लाजले.

शेवटचं दृश्य आलं. बाल्कनी, कॉफीचा कप. खालून टकटक आली आणि थांबली. चीफनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, तो वरच्या वर राहिला. आवाज काकूंना आला होताच, पण पडद्याच्या मधोमध असलेला तो चेहरा त्यांना दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी विचारलं, "सांगा ना. चेहरा कसा झालाय तिचा?"

"तिला ऐकू आलंय," चीफ म्हणाले.

काकूंनी मेथीची काडी खुडली. "आणि गॅस?"

चीफनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला, पेनाशेजारी.

"गॅस बंदच होता," ते म्हणाले. "माझी चूक."